घरातलेच साक्षीदार



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं आणि घरी धर्मग्रंथ वाचले. दोन्ही सारख्याच आस्थेनं. त्यामुळे आजचा विषय कळवताना मला संकोच वाटला नाही, आणि संयोजकांनीही तो लगेच मान्य केला. 

बर्लिनमध्ये ‘द ओशन’ नावाचा एक बँड आहे. त्यानं २०१० या एका वर्षात दोन अल्बम काढले. एप्रिलमध्ये ‘हेलिओसेंट्रिक’, म्हणजे सूर्यकेंद्री, आणि नोव्हेंबरमध्ये ‘अँथ्रोपोसेंट्रिक’, म्हणजे मानवकेंद्री. प्रत्येकात दहा रचना. दोन्ही अल्बम जोडीनंच कल्पिलेले आहेत, म्हणून मी त्यांना एकच कृती धरून बोलणार आहे. ख्रिस्ती धर्मानं विश्वाचं जे चित्र रंगवलं आणि त्यावर जी नीती उभारली, तिची ही संगीतातून केलेली चिकित्सा आहे. बहुतेक रचना बँडचा संस्थापक आणि गिटारवादक रॉबिन स्टॅप्स याच्या आहेत. गायक लोइक रोसेत्ती हा स्वित्झर्लंडचा. तो या जोडीच्या वेळी नव्यानंच बँडमध्ये आला होता.

प्रोग्रेसिव्ह मेटल ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. गिटार खालच्या पट्टीत लावलेल्या असतात आणि त्यांचा आवाज जाड, खरखरीत असतो. मात्रांचा हिशेब सरळ चारात बसत नाही. पाच, सात असे विषम आकडे येतात आणि एकाच गाण्यात बदलतात. गायक कधी स्वच्छ सुरात गातो, तर कधी घशातून डरकाळी फोडतो. या अल्बममध्ये त्याच्या जोडीला तंतुवाद्यं, पियानो आणि पितळी वाद्यंही आहेत. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला डरकाळीच ऐकू येते. दुसऱ्यांदा ऐकताना तिच्या अवतीभवती किती मोकळी जागा ठेवलेली आहे हे कळू लागतं.

या कृतीला सरसकट नास्तिक अल्बम म्हटलं जातं. ते खोटं नाही. चर्चवरचा तिचा राग उघड आहे. पण मी जसजसा तिच्या शब्दांच्या मागे गेलो, तसतशी एक गोष्ट मला अधिकाधिक महत्त्वाची वाटू लागली. चर्चविरुद्धच्या या खटल्यात जे जे साक्षीदार उभे केले आहेत, ते जवळजवळ सगळे त्याच घरातले आहेत. कुणी धर्मपीठावर पदाधिकारी, कुणी पाद्र्याचा मुलगा, कुणी पाद्री व्हायला निघालेला विद्यार्थी, कुणी तुरुंगात बायबल उशाशी घेऊन झोपणारा कादंबरीकार. खुद्द गाण्यांची नावंसुद्धा त्या घराच्या फडताळातली आहेत. माझं म्हणणं असं, की या अल्बमची ताकद त्याच्या विरोधात नाही, या जवळिकीत आहे. जिथे ही जवळीक टिकते तिथे तो फार मोठा होतो आणि जिथे ती सुटते तिथे तो वक्तृत्व स्पर्धेतल्या भाषणासारखा होतो.

सुरुवात ‘शामायिम’ या छोट्या रचनेनं होते. बायबलच्या पहिल्या ओळीत जे आकाश आहे, त्याचं हे हिब्रू नाव. लगेच पुढे ‘फर्मामेंट’. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव पाण्याच्या मधोमध एक अंतराळ निर्माण करतो आणि वरचं पाणी खालच्या पाण्यापासून वेगळं करतो. आकाश म्हणजे वरचं पाणी अडवून धरणारं छत, अशी ती कल्पना. गाणं हे चित्र खोडून काढायची घाई करत नाही. आधी ते संपूर्ण उभं करतं, गिटारींच्या भिंतीसकट, आणि समूहाचा सूर वर चढतो तेव्हा श्रोता त्या छताखाली उभा असतो.

तिसऱ्या गाण्यापाशी मला जरा थांबायचं आहे. ‘द फर्स्ट कमांडमेंट ऑफ द ल्युमिनरीज’, म्हणजे आकाशातल्या ज्योतींची पहिली आज्ञा. हे नाव हनोखाच्या ग्रंथातून आलेलं आहे. हा ग्रंथ बहुतेक चर्चनी आपल्या बायबलात घेतला नाही. इथिओपियाच्या चर्चनं मात्र तो पवित्र मानून जपला. पूर्ण ग्रंथ आज फक्त तिथल्या गीझ या धर्मभाषेत शिल्लक आहे. जेम्स ब्रूस या स्कॉटिश प्रवाशानं अबिसिनियाहून त्याच्या हस्तलिखित प्रती १७७३ मध्ये युरोपात आणल्या. पुढे विसाव्या शतकात मृत समुद्राजवळच्या कुम्रानच्या गुहांमध्ये त्याचे अरामी भाषेतले तुकडे सापडले.

या ग्रंथात ज्योतींचा एक स्वतंत्र भाग आहे आणि तो वाचण्यासारखा आहे. आकाशाला पूर्वेकडे सहा दारं आणि पश्चिमेकडे सहा. पहिल्या महिन्यात सूर्य चौथ्या दारातून उगवतो, तीस दिवस. मग पाचव्या दारातून तीस दिवस. मग सहाव्या दारातून एकतीस दिवस. तेव्हा दिवस रात्रीच्या दुप्पट होतो, दिवसाचे बारा भाग आणि रात्रीचे सहा. त्यानंतर सूर्य परत फिरतो आणि एकेक दार मागे येत पहिल्या दारापर्यंत जातो. वर्ष तीनशे चौसष्ट दिवसांचं. सूर्याचा रथ वारा ओढतो.

मित्रहो, रथ आणि वारा बाजूला ठेवा आणि दारांकडे बघा. ज्यानं हे लिहिलं तो, किंवा ज्यांच्याकडून त्यानं हे घेतलं ते, वर्षभर पहाटे क्षितिजाकडे तोंड करून उभे राहिले होते. सूर्य रोज एकाच जागी उगवत नाही, उत्तरेकडे सरकतो, थबकतो आणि परततो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि क्षितिजाचे सहा भाग पाडून मांडलं होतं. हे निरीक्षण आहे, आणि ते कष्टाचं आहे. दिवसाची लांबी त्यांनी फुगवली. वर्ष सव्वा दिवसानं तोकडं धरलं. चुका झाल्या, पण पाहणं खरं होतं. ते पाहणं आज्ञा बनलं आणि पुढच्या माणसाला नव्यानं क्षितिजाकडे बघण्याची गरज उरली नाही, तिथे बिघाड झाला. द ओशननं नेमकी ही आज्ञेचीच ओळ उचलून तिचं गाणं केलं. धर्मग्रंथात विज्ञान आहे असं म्हणणारे आणि धर्मग्रंथात नुसता अडाणीपणा आहे असं म्हणणारे, दोघांनीही हनोखाची ही पानं वाचावीत असं मला कळकळीनं वाटतं.

पुढचं गाणं ‘टॉलेमी वॉज राँग’. नावात ठणकावून सांगितलं आहे की पृथ्वीला विश्वाच्या मध्यभागी ठेवणारा टॉलेमी चुकला. आता तरी डरकाळी येणार अशी अपेक्षा असते. येतो तो पियानो आणि स्वच्छ, जवळजवळ एकट्या माणसाचा आवाज. अख्ख्या जोडीतला हा निर्णय मला सर्वांत मार्मिक वाटतो. पृथ्वी मध्यभागी नाही हे वाक्य कोपर्निकसनंही ओरडून म्हटलेलं नव्हतं.

निकोलस कोपर्निकस हा पोलंडच्या उत्तरेकडच्या फ्रॉमबोर्क इथल्या कॅथेड्रलचा कॅनन, म्हणजे चर्चचाच पदाधिकारी. त्याचं पुस्तक १५४३ मध्ये न्यूरेंबर्गला छापून झालं आणि त्याच वर्षी तो वारला. पुस्तक त्यानं पोप तिसरे पॉल यांना अर्पण केलं होतं. छपाईवर देखरेख करणाऱ्या ओसियांडर या ल्युथरपंथी धर्मोपदेशकानं सुरुवातीला स्वतःचं नाव न घालता एक प्रस्तावना जोडली: यात सांगितलेलं खरं आहे असं समजू नका, ही फक्त गणिताची सोय आहे. वाचकांना ते कोपर्निकसचंच म्हणणं वाटलं. केप्लरनं १६०९ मध्ये लेखकाचं नाव जाहीर करेपर्यंत बहुतेकांची हीच समजूत होती. १६१६ मध्ये रोमनं पुस्तक दुरुस्त होईपर्यंत स्थगित केलं आणि १६२० मध्ये दुरुस्त्यांची यादी काढली. ती यादीही शांतच आहे. जिथे ‘आहे’ असं लिहिलं होतं, तिथे ‘असं धरून चालू’ करायचं, एवढाच तिचा रोख. कोपर्निकस आणि गॅलिलिओ यांची पुस्तकं वगळलेली निषिद्ध ग्रंथांची पहिली सूची निघाली १८३५ मध्ये.

गॅलिलिओबद्दल बोलताना आपण नेहमी १६३३ च्या त्या सभागृहात जातो, जिथे एकोणसत्तर वर्षांच्या माणसाला गुडघे टेकून आपलं मत सोडायला लावलं. मला त्यानंतरची एक गोष्ट सांगायची आहे. शिक्षेचा एक भाग म्हणून त्याला तीन वर्षं दर आठवड्याला सात पश्चात्तापाची स्तोत्रं म्हणायची होती. त्याची थोरली मुलगी, सिस्टर मारिया चेलेस्ते, आर्चेत्रीच्या मठात जोगीण होती. तिनं वडिलांना कळवलं की हा भार मी उचलते, तुमच्या वाटची स्तोत्रं मी म्हणेन. दुसऱ्याच वर्षी, १६३४ मध्ये, ती गेली. तिच्या मनात वडिलांचं विज्ञान आणि चर्चची शिक्षा यांचं भांडण कसं मिटलं होतं? मला वाटतं, ते मिटलं नव्हतं. ती दोन्ही बाजूंना एकाच वेळी उभी होती आणि स्तोत्रं म्हणत होती. चर्च एका बाजूला आणि विज्ञान दुसऱ्या बाजूला, अशी रेघ ओढायची झाली तर या बाईच्या अंगावरूनच ओढावी लागेल.

पुढचं गाणं ‘मेटाफिजिक्स ऑफ द हँगमन’, म्हणजे जल्लादाचं तत्त्वज्ञान. हे नाव जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेच्या ‘ट्वायलाइट ऑफ द आयडॉल्स’मधलं. त्याचा मुद्दा थोडक्यात असा: माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे ही कल्पना धर्मशास्त्र्यांनी उचलून धरली, कारण माणूस स्वतंत्र ठरल्याशिवाय तो दोषी ठरत नाही आणि दोषी ठरल्याशिवाय त्याला शिक्षा देता येत नाही. नीत्शे हा रॉकेन गावच्या ल्युथरपंथी पाद्र्याचा मुलगा. शिक्षेची ही भाषा त्यानं लहानपणी घरात ऐकलेली असणार. 

‘हेलिओसेंट्रिक’ शेवटाकडे डार्विनपाशी येतो: ‘द ओरिजिन ऑफ स्पीशीज’ आणि त्याला जोडून ‘द ओरिजिन ऑफ गॉड’. इथे माझा तक्रारीचा सूर लागतो. शेवटच्या गाण्यात जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्सचा युक्तिवाद आहे: गुंतागुंतीच्या सृष्टीला रचनाकार लागतो म्हणता, तर मग त्या रचनाकाराला कोणी रचलं? युक्तिवाद चोख आहे. पण तो तयार आणून ठेवलेला आहे, गाण्यानं स्वतः तो कमावलेला नाही. मागची वाद्यं भव्य होत जातात आणि शब्द मात्र निबंधासारखे सरळ चालतात. खुद्द डार्विनकडे याहून किती अवघड सामग्री होती! तो केंब्रिजला गेला तो पाद्री होण्याच्या तयारीनं. १८५१ मध्ये त्याची दहा वर्षांची मुलगी ॲनी गेली. १८६० मध्ये एसा ग्रे या श्रद्धावान वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात तो जिवंत सुरवंटाच्या पोटात अळ्या वाढवणाऱ्या एका गांधीलमाशीचा उल्लेख करतो, आणि दयाळू देवानं हे मुद्दाम घडवलं असेल हे मला पटवून घेता येत नाही, अशा अर्थाचं लिहितो. त्या पत्रात विजयाचा सूर नाही. मित्राशी बोलताना चाचपडणारा माणूस आहे. हा चाचपडणारा डार्विन गाण्यात यायला हवा होता.

दुसऱ्या अल्बमच्या नावातच पुढचं पाऊल आहे. सूर्य मध्यभागी आला, पृथ्वी बाजूला सरली, आणि माणूस? त्यानं स्वतःला पुन्हा मध्यभागी नेऊन बसवलं. सृष्टी जेमतेम काही हजार वर्षांपूर्वी आपल्यासाठीच घडवली, असं मानणारे आजही आहेत, आणि अल्बमचा रोख त्यांच्यावर आहे. पण त्याचा गाभा वेगळ्याच ठिकाणी आहे. तीन गाणी एकाच नावाखाली येतात: ‘द ग्रँड इन्क्विझिटर’, भाग एक, दोन, तीन. हे दस्तयेव्हस्कीच्या, १८७९-८० मध्ये क्रमशः छापून आलेल्या ‘द ब्रदर्स करामाझोव्ह’ या कादंबरीतलं प्रकरण.

प्रकरण आठवून बघा. इव्हान आपल्या धाकट्या भावाला, आल्योशाला, एका खाणावळीत स्वतः रचलेली कथा सांगतो. सोळावं शतक, सेव्हिल शहर. आदल्याच दिवशी शंभरएक पाखंड्यांना जाळलेलं आहे. येशू पुन्हा येतो, गर्दी त्याला ओळखते, एका मेलेल्या मुलीला तो उठवतो. नव्वदीला टेकलेला धर्मन्यायाधीश त्याला पकडून कोठडीत टाकतो आणि रात्री एकटा भेटायला येतो. मग बोलतो तो फक्त म्हातारा. तू माणसांना स्वातंत्र्य दिलंस, आणि ते त्यांना पेलत नाही. सैतानानं तुला भाकर, चमत्कार आणि राज्य देऊ केलं, ते तू नाकारलंस. आम्ही स्वीकारलं, कारण आमचं माणसांवर तुझ्यापेक्षा जास्त प्रेम आहे. येशू एक शब्द बोलत नाही. शेवटी त्या म्हाताऱ्याच्या रक्त आटलेल्या ओठांचं चुंबन घेतो. म्हातारा दार उघडतो आणि परत येऊ नकोस म्हणतो.

पहिल्या भागाचं उपशीर्षक ‘करामाझोव्ह बेसनेस’, करामाझोव्ह घराण्याचा हलकेपणा. देवाशिवाय जगायचं तर कशाच्या बळावर, या प्रश्नाला इव्हान हेच उत्तर देतो. दुसऱ्या भागाचं उपशीर्षक ‘रूट्स अँड लोकस्ट्स’, कंदमुळं आणि टोळ. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. म्हातारा येशूला सांगतो की मीही रानात राहिलोय, कंदमुळं आणि टोळ खाऊन दिवस काढलेत. तो ढोंगी नाही. त्यानं तपश्चर्या केली, स्वातंत्र्याची वाट चालून पाहिली, बहुसंख्य माणसांना ती जमणार नाही हे त्याला दिसलं, आणि तो मागे फिरला. सत्तेवर बसलेल्या पुरोहिताला लोभी म्हणून उडवून लावणं सोपं असतं. हा म्हातारा लोभी नाही, दयेपोटी बिघडलेला माणूस आहे. बँडनं वीस गाण्यांतली तीन त्याच्यासाठी राखून ठेवली, आणि त्यातल्या मधल्या भागाला त्याच्या तपश्चर्येचं नाव दिलं. विरोधकाचं सर्वांत भक्कम म्हणणं ऐकून घेण्याची तयारी ती हीच. तिसरा भाग ‘अ टायनी ग्रेन ऑफ फेथ’ छोटा आहे. गिटारींचा जमाव मागे सरतो आणि एका स्त्रीचा आवाज ऐकू येतो.

हे प्रकरण लिहिणारा माणूस कोण होता? २२ डिसेंबर १८४९ रोजी सेंट पीटर्सबर्गच्या सेम्योनोव्हस्की चौकात त्याला गोळ्या घालण्यासाठी उभं केलं होतं आणि ऐन वेळी शिक्षा बदलल्याचं वाचून दाखवलं. सैबेरियाच्या वाटेवर तोबोल्स्क इथे, झारविरुद्धच्या आधीच्या एका उठावातल्या कैद्यांच्या बायकांनी त्याला नव्या कराराची प्रत दिली. ओम्स्कच्या तुरुंगात चार वर्षं ती त्याच्या उशाखाली होती. मे १८७८ मध्ये त्याचा आल्योशा नावाचा मुलगा गेला, तीन वर्षांचाही नव्हता. त्यानंतर ही कादंबरी लिहून झाली आणि तिच्या नायकाला त्यानं ते नाव दिलं. चर्चच्या सत्तेवर झालेला हा सर्वांत खोल घाव एका श्रद्धावंतानं घातलेला आहे.

‘फॉर ही दॅट वेव्हरेथ’ हे नाव याकोबाच्या पत्रातलं. ज्याचं मन डळमळतं तो समुद्राच्या लाटेसारखा, अशी तिथे संशयी माणसाला ताकीद आहे. ज्या बँडनं स्वतःचं नावच समुद्र ठेवलं, त्यानं ही ताकीद छातीवर बिल्ल्यासारखी लावून घेतली. ‘विले त्सुम उंटरगांग’, म्हणजे विनाशाची इच्छा, हे नाव पुन्हा नीत्शेकडून. ‘हेवन टीव्ही’ या गाण्यावर मी वेळ घालवत नाही.

शेवटचं गाणं ‘द ऑलमायटीनेस कॉन्ट्रॅडिक्शन’, सर्वशक्तिमान असण्यातला अंतर्विरोध. प्रश्न जुना आहे. देवाला स्वतःला उचलता येणार नाही असा दगड घडवता येईल का? आणि ज्याला पुढचं सगळं आधीच ठाऊक आहे, त्याला आपला विचार बदलता येईल का? तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसनं उत्तर दिलं की जे स्वतःशीच विसंगत आहे ती गोष्टच नव्हे, तेव्हा ती न करता येणं ही उणीव नाही. हाही वाद मठातच रंगलेला होता. हे गाणंही मृदू आहे, हळू चालतं. ‘टॉलेमी’चा पियानो आणि हे शेवटचं गाणं या दोन जागी बँडला पक्कं कळलेलं आहे की सर्वांत मोठा नकार खालच्या आवाजात अधिक ऐकू जातो.

आणि तरीही माझं एक मागणं राहतं. दस्तयेव्हस्कीनं पाचव्या भागात इव्हानला बोलू दिलं आणि सहाव्या भागात मरणशय्येवरच्या झोसिमा या संन्याशाच्या आयुष्याची हकिकत मांडून उत्तर द्यायचा प्रयत्न केला. १८७९ च्या ऑगस्टमध्ये पोबेदोनोस्त्सेव्ह या मुत्सद्दी स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात त्यानं काळजी बोलून दाखवली आहे: हे उत्तर पुरेसं पडेल का? मुद्द्याला मुद्दा असं ते उत्तर नव्हतंच. सगळ्यांसाठी प्रत्येक जण दोषी आहे असं मानून जगलेला एक माणूस, एवढंच त्यानं पुढे ठेवलं होतं. द ओशननं इव्हान घेतला, म्हातारा न्यायाधीश घेतला, झोसिमाच्या नावे एकही रचना केली नाही. संगीताच्या दृष्टीनं हे नुकसान आहे, कारण डरकाळी आणि पियानो यांच्यामधला जो आवाज या बँडला सापडलेला होता, तो झोसिमासाठी अगदी नेमका बसला असता. पुढे ते दुसरीकडे वळले. २०१३ च्या ‘पेलाजियल’मध्ये समुद्राच्या तळाकडे, २०१८ आणि २०२० च्या ‘फॅनेरोझोइक’च्या दोन भागांत भूगर्भशास्त्रीय युगांकडे. ही कामंही मोठी आहेत. पण २०१० च्या जोडीला तिसरा भाग हवा होता आणि तो त्यांनी केला नाही.

इथून घरी जाऊन कुणाला ऐकायची इच्छा झाली, तर आधी कादंबरीचा पाचवा आणि सहावा भाग लागोपाठ वाचा. मग दुसरा अल्बम लावा, ‘ग्रँड इन्क्विझिटर’ची तिन्ही गाणी अधली-मधली न गाळता ऐका, आणि त्यानंतर मागे पहिल्या अल्बमकडे या.